भुलीचे इंजेक्शन, मेक्सिकोची छत्री आणि आपले उदास मन

‘डॉक्टरसाहेब, डिप्रेशनवर आता मशरूम निघालं म्हनते, खरं हाय का?’ हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला निरनिराळ्या लोकांनी विचारला. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते, एक आरामशीनवाले होते आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाची आई होती. कोणी बातमी वाचली होती, तर कोणाला मोबाईलवर कोणीतरी काही पाठवले होते. विचारताना प्रत्येकाचा आवाज जरा खाली आला, त्यावरून घरात कोणीतरी आजारी आहे हे समजले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच सांगतो की बातमी निव्वळ थाप नाही. नैराश्याच्या हट्टी आजारावर भुलीचे एक जुने औषध आणि एका जातीच्या अळिंबीतील द्रव्य यांचा उपयोग होतो का, यावर जगभर चांगल्या दर्जाचे संशोधन चालू आहे. भुलीच्या औषधाचा उपयोग तर प्रत्यक्ष होऊही लागला आहे. परंतु हे उपचार कोणासाठी आहेत, कोणासाठी नाहीत आणि त्यांच्या आधी काय काय करायचे असते, एवढे बातमीत नसते. ते आज पाहू.

उदास वाटणे आणि उदासीचा आजार

आंबिया बहार गळून पडला, कपाशीला भाव मिळाला नाही, घरात मयत झाली तर माणूस उदास होणारच. तो आजार नव्हे. दिवस जातात, माणसे भेटतात आणि मन हळूहळू सावरते. आजार म्हणावयाचा तो असा : सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटत नाही. भूक मरते. पहाटे तीन-साडेतीनला झोप उघडते ती पुन्हा लागत नाही. अंगात त्राण राहत नाही, साधा निर्णय घेता येत नाही, आपण घरच्यांवर ओझे झालो असे वाटते आणि शेवटी ‘मेलेले बरे’ असे विचार येऊ लागतात.

आपल्या वऱ्हाडात रुग्ण ‘मी उदास आहे’ असे म्हणत येत नाही. तो म्हणतो, ‘करमत नाही’, ‘डोकं जड हाय’, ‘आंग मोडते’, ‘जेवनावर मनच नाही’. मग शक्तीचे इंजेक्शन, सलाईन, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा फोटो असे सगळे होते आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, नैराश्याचा आजार असलेल्या दर शंभरातील सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

‘औषध लागू पडत नाही’ म्हणजे काय?

मानसोपचारशास्त्रात ‘दाद न देणारे नैराश्य’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. नैराश्यावरची दोन वेगवेगळी औषधे, प्रत्येक पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे नियमाने घेऊनही आराम पडला नाही, तरच त्या आजाराला हट्टी म्हणतात. असे रुग्ण असतात आणि ते थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्या औषधाने पूर्ण बरे वाटलेले रुग्ण सुमारे एक तृतीयांशच होते. बाकीच्यांना औषध बदलावे लागले किंवा जोडीला दुसरे द्यावे लागले.

पण आपल्याकडे ‘लागू पडत नाही’ असे म्हणून येणाऱ्यांची गोष्ट पुष्कळदा निराळी असते. एका संत्रा बागाईतदाराचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन वर्षांपासून आजारी. सोबत धाकटा भाऊ आणि कागदांनी फुगलेली पिशवी. भाऊ म्हणाला, ‘चार डॉक्टर झाले साहेब, एकबी गोळी लागू पडत नाही. आता त्या मशरूमसाठी कुठं न्याव लागन थे सांगा.’ मी सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या. दोन वर्षांत पाच औषधे झाली होती आणि एकही वीस दिवसांवर घेतलेले नव्हते. एकाने मळमळ झाली म्हणून बंद, दुसऱ्याने आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद, तिसरे ‘सवय लागते’ असे शेजाऱ्याने सांगितले म्हणून बंद. शिवाय झोप यावी म्हणून रोज संध्याकाळी दारूची क्वार्टर. रक्त तपासले तेव्हा थायरॉईडही कमी निघाले.

या माणसाचा आजार हट्टी नव्हता. त्याला अजून उपचारच मिळाला नव्हता. थायरॉईडची गोळी सुरू केली, दारू टप्प्याटप्प्याने सोडवली आणि अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेले एकच साधे औषध भावाच्या हाताने रोज दिले गेले. पाचव्या आठवड्यात तो स्वतःहून बागेत ओलित पाहायला गेला. त्याला मेक्सिकोचे काही लागले नाही.

म्हणून नव्या उपचाराची चौकशी करण्याआधी स्वतःला हे विचारा. गोळी रोज घेतली का? किती आठवडे घेतली? मात्रा तज्ज्ञाने वाढवली होती का? थायरॉईड, रक्तक्षय, बी-१२ तपासले का? दारू किती? रक्तदाबावरची काही औषधे, स्टेरॉईड वगैरे चालू आहेत का? आणि आयुष्यात कधी याच्या उलट, म्हणजे झोप न लागता अंगात वारे भरल्यासारखा उत्साह, बडबड, उधळपट्टी असे दिवस येऊन गेले का? तसे असेल तर तो साधा नैराश्याचा आजार नसून दोन टोकांचा आजार असू शकतो. त्याचे औषध वेगळे असते.

गोळ्या आल्या कुठून?

नैराश्यावरची पहिली औषधे योगायोगाने सापडली, आणि त्यातला एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा उपयोग १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. त्यानंतर सर्पगंधेपासून काढलेले रेसरपीन हे औषध जगभर गेले. ते घेणारे काही रुग्ण कमालीचे खिन्न होतात, अशा नोंदी पुढे येऊ लागल्या. रेसरपीन मेंदूतील सिरोटोनिनसारखी द्रव्ये कमी करते हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला : ती द्रव्ये वाढवली तर खिन्नता जाईल का?

दुसरा धागा क्षयरोगाचा. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिले गेले. आपल्या ओळखीच्या आयएनएच गोळीचाच तो भाऊबंद. खंगलेले रुग्ण फुप्फुसे सुधारण्याआधीच हसू-खेळू लागले, जेवण मागू लागले. तेच पुढे नैराश्यावरचे पहिले औषध ठरले.

तेव्हापासून गेल्या सत्तर वर्षांतील बहुतेक गोळ्या त्याच वाटेने, म्हणजे सिरोटोनिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांमार्फत काम करतात. त्या चांगल्या आहेत, सवय लावणाऱ्या नाहीत, पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आहेत, त्याला चार आठवडे फार लांब असतात. नव्या संशोधनाचे महत्त्व इथे आहे.

केटामिन : शस्त्रक्रियेच्या टेबलावरून

केटामिन हे नाव तुम्हाला नवे असेल, खेड्यापाड्यात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला नाही. १९६२ साली अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केले आणि १९७० मध्ये तेथे भुलीचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. नेहमीच्या भुलीच्या मात्रेत या औषधाने श्वास सहसा मंदावत नाही, रक्तदाब पडत नाही. त्यामुळे जिथे मोठी यंत्रसामग्री नाही तिथे ते देवासारखे धावून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. माझ्या इंटर्नशिपच्या दिवसांत भाजलेल्या रुग्णांचे ड्रेसिंग, लहान मुलांचे मोडलेले हात, छोट्या शस्त्रक्रिया यांना हेच इंजेक्शन असे. त्याचा एक गुण तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता. रुग्ण शुद्धीवर येताना काहीबाही बोले. ‘मी वर छताले लागलो होतो, तिथून मलेच पाहून राह्यलो होतो’ असे एका म्हाताऱ्याने सांगितलेले मला आठवते. आम्ही त्याला औषधाचा दोष मानत असू.

२००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवर, भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत, शिरेतून सावकाश केटामिन देऊन पाहिले. तीन दिवसांच्या आत खिन्नता उतरली. २००६ साली तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हट्टी नैराश्याच्या रुग्णांवर तोच प्रयोग केला. एका दिवसात सुमारे ७० टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला, मात्र आठवडाभर तो टिकला सुमारे एक तृतीयांश रुग्णांत. केटामिनचा गुण आणि मर्यादा दोन्ही यात आल्या. ते लवकर काम करते आणि लवकर उतरते. म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. ते सिरोटोनिनच्या वाटेने न जाता ग्लुटामेट नावाच्या मेंदूतील दुसऱ्या द्रव्याच्या वाटेने जाते, म्हणून जिथे नेहमीच्या गोळ्या थकल्या तिथेही कधी कधी काम करते.

त्याचाच एक प्रकार, एस्केटामिन, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मंजूर झाला. पण अट अशी की तो दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचे. कारण रक्तदाब चढतो, गरगरते, काही काळ आपण आपल्या शरीराबाहेर आहोत असे वाटते. आपल्या देशातही मोठ्या शहरांतील काही मानसोपचारतज्ज्ञ निवडक रुग्णांना, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिरेतून केटामिन देतात.

धोकेही सांगतो. वारंवार आणि मनाने घेतल्यास त्याचे व्यसन लागते, मूत्राशय कायमचे खराब होते. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतील नट मॅथ्यू पेरी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये घरच्या गरम पाण्याच्या टाकीत मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात केटामिनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण निघाले. तेच औषध देखरेखीखाली दिले तर उपचार होते आणि चोरून घेतले तर जीव घेते.

मेक्सिकोची छत्री

आता मशरूम. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या छत्र्यांना आपण कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात एका जातीची छत्री तेथील आदिवासी शेकडो वर्षे आजार ओळखण्याच्या रात्रीच्या विधीत वापरत आले. आपल्या मेळघाटात भूमका असतो, तशी तिथे मारिया सबिना नावाची जाणती बाई होती. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन गृहस्थ तिच्याकडच्या विधीत बसला. १९५७ मध्ये त्याने ‘लाईफ’ मासिकात लेख लिहिला आणि त्या गावाकडे परक्या लोकांची रीघ लागली. १९५८ साली आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्या छत्रीतून सिलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. १९४३ मध्ये एलएसडीचा परिणाम प्रथम स्वतःवर अनुभवणारे हेच ते शास्त्रज्ञ.

पुढची काही वर्षे या द्रव्यांवर गंभीर संशोधन झाले. मग ती नशेसाठी रस्त्यावर आली, आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यावरही हिप्प्यांबरोबर आली. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर देशोदेशी कडक कायदे झाले आणि संशोधन जवळजवळ थांबले.

ते पुन्हा सुरू झाले ते अलीकडे. २०१६ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने हट्टी नैराश्याच्या १२ रुग्णांना सिलोसायबिन दिले, त्यांच्यात सुधारणा दिसली. २०२२ साली दहा देशांतील २३३ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकदाच दिलेल्या पूर्ण मात्रेने तीन आठवड्यांनंतर ३७ टक्के रुग्णांना चांगला आराम होता. नाममात्र मात्रा दिलेल्यांत १८ टक्के. बारा आठवड्यांपर्यंत आराम टिकलेले मात्र २० टक्के आणि १० टक्के एवढेच उरले. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास झाले आणि काही रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढल्याचीही नोंद झाली. २०२५ च्या जूनमध्ये २५८ रुग्णांच्या पुढच्या अभ्यासाचा निष्कर्ष जाहीर झाला. ६० गुणांच्या मापनपट्टीवर खोट्या औषधापेक्षा ३.६ गुणांचा जास्त फरक. म्हणजे फरक खरा, पण चमत्कार नव्हे.

या उपचारात नुसती गोळी गिळून घरी जायचे नसते. आधी काही बैठकांत तयारी. मग उपचाराच्या दिवशी शांत खोलीत डोळ्यांवर पट्टी, मंद संगीत आणि सहा ते आठ तास शेजारी बसलेले प्रशिक्षित उपचारक. नंतर पुन्हा बैठका, कारण त्या तासांत जुनी दुःखे वर येतात, ती उलगडावी लागतात. ज्याला किंवा ज्याच्या जवळच्या नातेवाइकाला स्किझोफ्रेनिया अथवा दोन टोकांचा आजार आहे, अशांना या अभ्यासांत घेतच नाहीत, कारण त्यांचे मन कायमचे बिथरण्याची भीती असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानगी दिली, तीसुद्धा फक्त अधिकृत केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना.

आपल्या देशात सिलोसायबिन आणि एलएसडी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. जवळ बाळगणे, विकत घेणे, सेवन करणे हा गुन्हा आहे. केटामिनही त्याच कायद्याखाली येते, पण औषध म्हणून डॉक्टरला ते वापरता येते. पुड्या बांधून ‘मन मोकळे करणारे मशरूम’ विकणारा कोणी भेटला, तर तो तुम्हाला औषध देत नाही, तुरुंगाचा रस्ता दाखवतो. आणि जंगलातली अनोळखी छत्री खाण्याचा प्रयोग तर स्वप्नातही करू नका. काही विषारी छत्र्यांचा परिणाम सहा-बारा तासांनी दिसू लागतो, तोवर विष यकृतात पोचलेले असते.

धोतऱ्याचे बी किंवा भांग म्हणजे तसेच काहीतरी, असाही एक समज आहे. धोतऱ्याने तोंड सुकते, ताप चढतो, छाती धडधडते, माणूस भ्रमात बडबडतो आणि दगावूही शकतो. त्याचा नैराश्यावर काडीचा उपयोग नाही. भांगेने उदासी जात नाही, उलट काहींना वेडाचा झटका येतो.

ज्याची भीती वाटते तो उपचार

मग आजार खरोखर हट्टी असेल तर आपल्याजवळ काय आहे? पहिले म्हणजे औषध बदलणे, दोन औषधे जोडणे, लिथियमसारखे जुने खात्रीचे औषध रक्त तपासत देणे. दुसरे म्हणजे विजेचा उपचार, ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात. १९३८ साली इटलीत तो सुरू झाला. सिनेमांनी त्याची इतकी बदनामी केली आहे की नाव काढताच नातेवाईक उठून उभे राहतात. प्रत्यक्षात रुग्णाला भूल देतात, स्नायू सैल करण्याचे औषध देतात आणि काही सेकंदांत उपचार होतो. आठवड्यातून दोन-तीनदा असे साधारण सहा ते बारा वेळा. भुलीशिवाय हा उपचार करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने बंदी आहे. काही काळ विसरायला होते, क्वचित जुन्या आठवणींत भगदाडे राहतात. हा दोष खरा आहे, तो रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तीन औषधे नियमाने, वर्षभर घेतली. तरी त्या अंथरुणाला खिळल्या, पाणी पिणेही सोडले. घरच्यांनी पुष्कळ दिवस ‘शॉक नको’ म्हणून टाळले. शेवटी मोठ्या शहरात आठ वेळा हा उपचार झाला. चौथ्यानंतर त्यांनी चहा मागितला. आज त्या नोकरीवर जातात. मुलाच्या वाढदिवसाचे एक वर्ष त्यांना आठवत नाही, पण पुढच्या वर्षीचा त्यांनी स्वतः केला.

केटामिन आणि विजेचा उपचार यांची समोरासमोर तुलनाही झाली आहे. २०२३ साली अमेरिकेत ३६५ हट्टी रुग्णांत, भ्रम-भास नसलेल्यांत, केटामिनने ५५ टक्क्यांना तर विजेच्या उपचाराने ४१ टक्क्यांना आराम पडला. भ्रम-भास असलेल्या, अन्नपाणी सोडलेल्या रुग्णांसाठी मात्र विजेचा उपचारच आजही पहिला मानतात. कोणाला कोणता, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

आपल्याच जिल्ह्यातील तीस गावे

आता ८५ चा तो आकडा आठवा. शंभरातील ८५ जणांना साधा उपचारही मिळत नसेल, तर मेक्सिकोची छत्री त्यांच्यापर्यंत कधी पोचणार? याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग आपल्याच अमरावती जिल्ह्यात झाला, पण त्याची चर्चा इथे फार कमी झाली. ‘विश्राम’ हे त्याचे नाव. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्यातील ३० गावांत अठरा महिने काम केले आणि २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवले, त्यांनी घरोघरी, गटागटांत बसून लोकांशी बोलणे केले, आजारी माणूस ओळखला, समुपदेशकाकडे आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे नेले.

सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातील चार जणच उपचारापर्यंत पोचत होते. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७ झाले. नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले, म्हणजे निम्म्याहून कमी. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातमीखेरीज राज्यात कोणी घेत नाही, त्या जिल्ह्यातील हे आकडे आहेत.

गोव्यातही त्याच वर्षी असाच निष्कर्ष आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा-आठ बैठकांत रुग्णाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवले. आज अंगणात बसायचे, उद्या दुकानापर्यंत जायचे, परवा भावाला फोन करायचा. तीन महिन्यांनी अशा ६४ टक्के रुग्णांचा आजार उतरला. समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्के.

नव्या औषधांचे मी स्वागतच करतो. ज्यांचे सगळे उपाय करून झाले आहेत, त्यांच्यासाठी ती आशा आहे. पण आपल्या भागात आज जे जीव जात आहेत, त्यांतले बहुतेक नवे औषध नाही म्हणून जात नाहीत. जुने औषध आणि शेजारी बसून विचारपूस करणारा माणूस, दोन्ही त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचत नाहीत म्हणून जातात.

वाचकांचे प्रश्न

*प्रश्न : नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?*
उत्तर : झोपेच्या काही गोळ्यांची लागते. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर गरगरणे, अस्वस्थता होते. बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने घ्याव्यात आणि डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्यात.

*प्रश्न : घरातला माणूस ‘जगून काय करू’ म्हणतो. आपण विषय काढला तर विचार पक्का होईल का?*
उत्तर : नाही. सरळ, प्रेमाने विचारा, ‘मरायचे विचार येतात का?’ विचारल्याने मन हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नका. आणि एक काम आजच करा. फवारणीच्या औषधाचे डबे घरात, गोठ्यात उघडे ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. वाईट क्षण पुष्कळदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत डबा हाताशी नसला तर माणूस वाचतो.

*प्रश्न : परतवाड्याहून कुठे जावे?*
उत्तर : आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात. तेथून अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील, आपण ज्याला इर्विन म्हणतो तेथील, मानसोपचार विभागात. एसटीने पन्नासेक किलोमीटर. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या, म्हणजे डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो. फोनवर बोलायचे असेल तर ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. कोणी काही खाल्ले-प्यायले असेल तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि केटामिन किंवा तत्सम उपचाराची चौकशी करायचीच असेल, तर ती मानसोपचारतज्ज्ञाकडे करा. दोन औषधे पुरी झाली आहेत, रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत, दारू सुटली आहे, असे सांगता येईल अशी तयारी करून जा. तरच पुढचा दरवाजा उघडण्यात अर्थ आहे.